तात्यांचा उलटा हात

सव्वीस नोव्हेंबर, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. माळशेज घाट उतरताना, बोगदा मागे पडल्यावर, शेजारच्या आसनावरून तात्या म्हणाले, "थांबव. गाडी काय तरी म्हनतीय." गाडी माझी होती, चालवत मी होते, आणि मला काहीही ऐकू आले नव्हते.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. ऐन तारुण्यापासून साठी उलटेपर्यंत त्यांनी डिंगोऱ्याहून आळेफाट्यापर्यंत प्रवासी जीप चालवली आणि एवढ्या काळात एकच ख्याती मिळवली: हा माणूस स्वतःच्याच गाडीला भितो. जरासा वेगळा आवाज, जरासा नवा वास, की जीप रस्त्याच्या कडेला. त्यांना सगळे 'थांबा तात्या' म्हणत. मागच्या बाकावरून कुणीतरी टोमणा मारायचे, "तात्या, एसटीचा थांबा बरा, एका जागी तरी असतो. तुमचा कुठं उगवंल त्याचा नेम नाय." बॉनेटखालून उत्तर यायचे, "उशीर झाला म्हनून कुनाला खांद्यावर न्ह्यावं लागत न्हाई, राव."

या भीतीला शिस्त होती. सकाळी गाडी सुरू करताना इंजिनचा पट्टा किंचाळला, दिवा मंद जळाला, चाक पंक्चर झाले, तर ते स्वतः बाह्या सरसावत. पण ब्रेक आणि स्टिअरिंग या दोन गोष्टींना त्यांनी जन्मात पाना लावला नाही. त्यांचे सूत्र असे होते: "गाडी चालंना, तर आपुन बघायचं. गाडी थांबंना, तर मिस्त्रीनं बघायचं." अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात मी या वाक्यात त्रुटी शोधत होते. बिघाडाचे दोनच वर्ग असू शकतात का, वगैरे. पुढे संशोधन संस्थेत धातूंच्या चाचण्या करू लागल्यावर ध्यानात आले, की त्यांनी बिघाडांची विभागणी कारणावरून केलीच नव्हती. परिणामावरून केली होती.

कारणे मात्र ते बहुधा चुकीची सांगत. अमावस्येला बॅटरी उतरते, यावर त्यांचा दृढ विश्वास होता. थंडीमुळे बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, तिथीचा काही संबंध नाही, हे मी त्यांना आकृती काढून समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "तुझं बराबर आसंल, सायबीन. पर मी उद्याचं भाडं घेत न्हाई."

आमच्याकडे रेडिएटर ठिबकू लागला की त्यात हळद टाकायची पद्धत आहे. बोट कापल्यावर लावायची तीच स्वयंपाकघरातली हळद. ती बारीक छिद्रात बसते आणि गळती खरोखर थांबते. कित्येक जण त्या हळदीवर पुढे महिनोन्महिने गाडी हाकतात, आणि एक दिवस आतल्या नळ्या तुंबून इंजिन उकळते. तात्यांच्या जीपमध्येही हळदीची पुडी असायची, पण ती टाकून ते केवळ आळेफाट्याच्या गॅरेजपर्यंत जात. "हळद लावली म्हंजी डाक्तरला दावलं, आसं नसतं," असे ते म्हणत.

"तुमच्या बाबतीत असं काय घडलं होतं, तात्या?" असे मी एकदा विचारले होते. प्रत्येक भीतीच्या मुळाशी एखादी घटना असते, असा माझा समज होता. ते म्हणाले, "काय बी न्हाई. ते व्हायची वाट बघू का?"

तर त्या दिवशी घाटात मी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. मागच्या आसनावर काकू होत्या, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घट्ट धरून. त्यांची लेक कल्याणच्या रुग्णालयात होती. संध्याकाळी शस्त्रक्रिया करून बाळ काढायचे ठरले होते. जावई कामानिमित्त परराज्यात. तिच्याजवळ कुणीही नव्हते.

उतरल्यावर मलाही वास आला, जळका, उग्र. मी म्हटले, पुढच्या ट्रकचा असेल. मी तर दुसऱ्या गिअरमध्ये उतरते आहे. तात्या खाली बसले आणि एकेका चाकाजवळ हात नेऊ लागले. तळवा नव्हे, हाताची उलटी बाजू, आणि स्पर्श न करता. चौथ्या चाकाजवळून हात झटकन मागे आला.

"समदी तापली आस्ती तर आपली चूक. येकच तापलंय."

प्रयोगशाळेतला तापमापक माझ्या गाडीत असतो. लांबून रोखला की आकडा दाखवतो. तीन चाके साठ अंशांच्या आसपास. डावे पुढचे दोनशे अकरा. मी तीनदा मोजले. मग ब्रेक दाबून पाहिला. पाय नेहमीपेक्षा खोल गेला. उजवीकडे कठड्यापलीकडे दरी होती. तोवर मी तिच्याकडे पाहिलेही नव्हते.

काकूंनी बाटलीतले पाणी चाकावर ओतायला घेतले. मी त्यांचा हात धरला. ब्रेकची तापलेली तबकडी तडकली असती.

"मग निवू दे अर्धा तास, आन् चला," काकू म्हणाल्या. "हळूहळू जाऊ."

हे अगदीच अशास्त्रीय नव्हते. ब्रेक निवल्यावर पुष्कळदा पूर्ववत होतो. मी तसे म्हणाले. तात्यांनी माझ्याकडे पाहिले. "व्हतो. पुना तापंस्तवर."

"पोर तिकडं येकलीय," काकूंचा आवाज फाटला. "तुमच्या भ्यान्यापायी माजा समदा जलम रस्त्याच्या कडंला गेला. आज तरी नगा थांबू."

तात्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. वळणावर कल्याणकडे जाणारी एसटी दिसली, तसे ते दोन्ही हात पसरून भर रस्त्यात उभे राहिले. जीपसमोर कुणी असे उभे राहिले असते, तर त्यांनी त्याला झोडपलेच असते. बस थांबली. त्यांनी काकूंना चढवले, डबा वर दिला, आणि घाटाखालच्या गॅरेजला निरोप देण्याची चालकाला विनंती केली, कारण तिथे फोन लागत नव्हता. पायरीवरून काकूंनी मागे वळून पाहिले नाही.

मिस्त्री दुचाकीवरून आला तेव्हा सूर्य डोंगराआड जात होता. त्याने चाक उतरवले. ब्रेकची पकड गंजून अडकली होती. पाय काढला तरी ती चाक सोडत नव्हती. तबकडी निळसर पडली होती, ब्रेक ऑइल उकळले होते.

"तसेच गेलो असतो तर?" मी विचारले.

त्याने हात पुसले. "उतरला आसता बी. नसता बी. सांगता येत न्हाई."

मला निश्चित उत्तर हवे होते. तात्यांना नको होते. दरीकडे पाठ करून ते दगडावर बसले होते. "गाडी उचलूनच न्ह्या," ते मिस्त्रीला म्हणाले. "दोरीनं वढत टोचन करून न्हाई."

आम्ही मागच्या एसटीने कल्याणला पोहोचलो, तोवर नात जन्मली होती. काकू दारातच म्हणाल्या, "आलात? ती काय थांबली न्हाई तुमच्यासाठी." पण पाणी त्यांनी आधी तात्यांनाच दिले. तात्या पाळण्यापाशी गेले, वाकले, आणि बाळाच्या कपाळाजवळ हाताची उलटी बाजू नेली. मग तशीच हळूच टेकवली.

संक्रांतीनंतर तात्या गेले. झोपेत, डिंगोऱ्याच्या घरात. रडता रडता काकू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "रस्त्यात न्हाई गेला माजा मानूस." भीती योग्य होती, याचा पुरावा कधीच मिळत नाही, जे टळले ते मोजता येत नाही. माझ्या प्रशिक्षणाला हे न पटणारे आहे. तरीही ते वाक्य मला पुराव्याच्या अगदी जवळचे वाटले.

गेल्या आठवड्यात मी तात्यांच्या नातीच्या लांबलेल्या बारशाला त्याच घाटाने गेले. गाडी दुरुस्त झालेली, ब्रेक नवा, वास नाही, आवाज नाही. त्या वळणावर थांबण्याचे एकही कारण नव्हते. मी थांबले. आधी उलटा हात चारही चाकांजवळून फिरवला, मग तापमापक रोखला. पहिली तीन चाके सारखीच होती. डावे पुढचे मी मुद्दाम शेवटी ठेवले होते: चोपन्न.