वाद्यांची ओळख आणि नणंद-भावजय

शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकवणाऱ्या बाई आणि ड्रम शिकवणाऱ्या बाई नात्याने नणंद-भावजय. राहायच्या एकाच घरात, पण एकमेकींशी बोलायच्या त्या फक्त भांडायला.

नव्या मुलींना वाद्यांची ओळख करून द्यायच्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत नणंदेने क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवलेली वेताची पातळ पट्टी ओठांत धरून ओली केली. "ही कोरडी राहिली तर सूर फाटतो," असं सांगून तिने फुंक मारली, तोच भावजयीने ड्रम बडवला.

"कातडं नीट ताणलंय का बघत होते, वन्सं."

"तुझं स्वतःचं बघ आधी. गेंड्याचं आहे!" नणंद कडाडली.

मुली तोंड दाबून हसल्या. वाद्य निवडायला सांगितल्यावर सगळ्या ड्रमकडे धावल्या. एकच क्लॅरिनेटपाशी थांबली.

"माझी कीव आली का गं?" नणंदेने फटकारलं.

"नाही बाई. त्या बाईंची भीती वाटते."

नणंदेचा जीव गार झाला. संध्याकाळी जेवताना तिने ही गोष्ट धाकट्या भावाला, म्हणजे भावजयीच्या नवऱ्याला सांगितली, तीही स्वयंपाकघरात भावजयीला ऐकू जाईल अशा आवाजात. भाऊ बिचारा ताट उचलून गॅलरीत जाऊन जेवला.