अठरा माणसं, चार दिवस

हिंजवडीच्या आमच्या साइटवरचे फोरमन इथल्याच गावचे. ते कधी खुर्चीत बसत नाहीत. बोलतानाही येरझाऱ्या चालू असतात आणि हातातली मोजमापाची टेप सारखी आत-बाहेर होत असते. ती बघता बघता मी माझं वाक्य विसरते.

कामाचं वेळापत्रक मी लॅपटॉपवर करते. मागच्या महिन्यात काँक्रीटचा पंप चार दिवस दुसऱ्या इमारतीला द्यावा लागला, म्हणून मी तेवढ्या दिवसांपुरते तीस कामगारांचे बारा केले. पाचव्या दिवशी पुन्हा तीस. स्क्रीनवर ते अगदी नीट दिसत होतं.

फोरमननी त्या वेळापत्रकाचा कागद चालता चालताच वाचला. "मॅडम, पंप पाचव्या दिवशी परत येईल. ही अठरा माणसं येतील व्हय? एकदा दुसरीकडं कामाला लागली, की गेली."



दुसऱ्या दिवशी पंप गेला, आणि ती अठरा माणसं स्लॅब ओतताना खाली लावायच्या सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा घासून त्यांना तेल लावत होती. मॅनेजरने विचारलं, "यांना कोणी थांबवलं?"

"मॅडमच्या कागदात हाय," फोरमन म्हणाले.

कागदात नव्हतं. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. मग केबिनमध्ये जाऊन वेळापत्रकात 'प्लेटा घासणे, अठरा माणसं, चार दिवस' ही ओळ घातली.

संध्याकाळी नवा कागद दिला. अंगठ्याने ओळ शोधून ते म्हणाले, "आता पंप वेळेवर येईल तेवढं बघा. न्हाईतर पाचव्या दिवशी काय घासायचं?"

अनोळखी माणसांना फोन करायला मला नको वाटतं. तरी पंपवाल्याला लावला. बोलताना मी येरझाऱ्या घालत होते, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.