भाऊजींचा राजहंस आणि माझा गहू

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार, महाशिवरात्र चार दिवसांवर. मी अंगणात तुरीला तेल-पाणी चोळत होते आणि माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, खाटेवर बसून स्वतःशी भांडत होते. स्वतःच्या विरुद्ध इतक्या नेकीनं भांडणारा माणूस आर्णीपासून मुकुटबनपर्यंत दुसरा सापडायचा नाही.

भाऊजी त्यांच्या गावच्या धरणावरच्या पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या सहीशिवाय कालव्याला पाणी सुटत नसे. आणि त्याच धरणात त्यांची पायानं चालवायची नाव होती, हंसाच्या आकाराची. कापसानं सगळ्यांना हात टेकायला लावले, त्या वर्षांतली गोष्ट. कोणी कोंबड्या पाळल्या, कोणी चक्की टाकली, भाऊजींनी हंस आणला. जुनाच होता. पोळ्याचे बैल रंगवणाऱ्याकडून त्यांनी तो रंगवून घेतला, त्यामुळे त्याला बैलाचे डोळे आले. पोरं त्याला बदक म्हणत. भाऊजी राजहंसाखाली उतरत नसत. नवं जोडपं बसायला आलं की आधी सांगत, "बसा, पण हे पाणी दुसऱ्याच्या पिकाचं हाये. जपून चालवा." ती बिचारी चोरासारखी फेरी मारून येत.

कालव्याच्या शेवटाला आमच्याकडं टेल म्हणतात. वरच्यांनी पाणी अडवलं की टेलवाला कोरडा राहतो, म्हणून पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग वर सरकत यायचं, असा भाऊजींनी घालून दिलेला नियम. तो कालव्यापुरता राहिला असता तर बरं होतं. पुतणीच्या लग्नात त्यांनी पंगतीला शेवटच्या पानापासून वाढायला घेतलं. पहिल्या पानावरचे व्याही भात येईस्तोवर नुसतं मीठ बघत बसले आणि पुढं वर्षभर बोलले नाहीत. मागच्या शिवरात्रीच्या जत्रेत हंसापुढं रांग लागली, तेव्हा यांनी जाहीर केलं की शेवटी उभा असेल त्याला पहिली फेरी. झालं. पुढचे धावत मागं गेले, मग जे आता पुढं उरले तेही. बघता बघता अख्खी रांग उलटी चालत एसटीच्या थांब्यापर्यंत गेली आणि हंसापाशी एकटे भाऊजी उरले.

त्या रविवारचं भांडण मात्र हसण्यासारखं नव्हतं. माझा गहू टेलला. कापूस अर्धा अळीनं खाल्ला होता, उरलेला बाजारातल्या पडत्या भावानं, आणि आता वर्षाचा आधार म्हणजे हा गहू. त्याला शेवटचं पाणी हवं होतं. पण पाणी सोडलं की धरणाचा काठ उघडा पडणार आणि जत्रेच्या दिवशी हंस चिखलात बसणार. त्यांची वर्षाची कमाई त्या एका दिवसाची. खाटेच्या उशाकडं सरकले की भाऊजी अध्यक्ष होऊन बोलत, पायथ्याकडं सरकले की नाववाले. दोघांचंही म्हणणं मला पटत होतं, हीच अडचण.

शेवटी मी हात पुसले. "भाऊजी, चार दिवस मी थांबीन. गहू थांबते का, ते त्यालेच विचारा."

ते खरंच उठून शेतात गेले. एक ओंबी तोडली, दाणा नखानं दाबला. पांढरा चीक आला. दाणा अजून भरायचा होता, आत्ता पाणी चुकलं तर पोचट राहणार.

"आज सही करतो," म्हणाले. चहाला थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडता पाणी आलं. मी बारं, म्हणजे पाटाचं तोंड, फोडलं, पहिल्या वाफ्यात पाणी नीट शिरलेलं पाहिलं, जावेला बांधावर उभं केलं आणि पहिल्या एसटीनं धरणावर गेले. सपाट काठावरून पाणी रातोरात पार मागं सरकलं होतं. भाऊजी गुडघाभर चिखलात उभे राहून हंसाला एकटेच ढकलत होते, पलीकडच्या डोहाकडं, जिथं ना वाट ना जत्रा.

"तिथं कोण येणार बसाले?" मी विचारलं.

"कोणीच नाही." त्यांनी घाम पुसला. "पण हंस हाये. कोरड्यात बरा नाही दिसत."

मी चपला काठावर काढल्या, लुगडं खोचलं आणि दुसरी बाजू धरली.