चौघांच्या हातातलं पान

चेलना माझ्या नजरेत भरली ती आठवीच्या परीक्षेत. पेपर देऊन ती वर्गाबाहेर गेली आणि दोन मिनिटांत परत आली. चौथं गणित पुन्हा बघू द्या म्हणाली. वर्गावर शिक्षिका मीच होते; मी नकार दिला. घंटा होईपर्यंत ती व्हरांड्यात येरझारा घालत होती. गणित बरोबरच होतं.

धुळ्यात तिच्या वडिलांचा, लालचंदभाऊंचा, केळीचा व्यापार. यावलहून आलेला माल घरामागच्या थंड खोल्यांत पिकतो. चेलना इंजिनिअर होऊन नरडाण्याच्या एका कारखान्यात लागली. तिथे अशा खोल्यांचं तापमान सांभाळणारी डबी बनते. व्यापाऱ्याने फोनवर डबीचं पान उघडायचं, आकडा बघायचा. ते पान दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे वेब सर्व्हर, डबीच्या इवल्याशा मेमरीत मावायला हवा. ज्यांचा कोड सगळ्यांना खुला आहे असे दोन सर्व्हर तिने शोधले. एक अगदी हलका, दुसरा थोडा जड. हलका तिने सात दिवस अखंड चालवला, एकदाही अडला नाही. तिने तोच पक्का केला. सोमवारी तो पन्नास डब्यांत भरायचा होता. डब्या गावोगाव गेल्या की दुरुस्ती म्हणजे प्रत्येक खोली गाठणं.

तरी तिला चैन पडेना. आदल्या दिवशी, रविवारी, तिने एक डबी घरच्या खोलीत लावली. मी तेव्हा तिच्या आजीकडे, तारादेवींकडे, गेले होते. घरातल्या चार मोठ्या माणसांच्या फोनवर तिने हौसेने पान उघडून दिलं. मग ते चौघे सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसले. अठ्ठेचाळीस मिनिटं विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, संसाराचं बोलायचं नाही. फोन पान उघडं असतानाच फडताळात तसेच राहिले.

इकडे चेलनाच्या फोनवर पान उघडेना. माझ्याही नाही. डबी चालू, वायफाय चालू. ती खोलीपर्यंत जायची, परत यायची, नखं चावायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

सामायिक आटोपलं. "बसलो आम्ही, आणि दमली ही," तारादेवी म्हणाल्या.

लालचंदभाऊंनी फोन उचलला. "मला तर दिसतंय. सोळा अंश."

चेलना थबकली. तिने त्यांचं पान बंद केलं. तिच्या फोनवर ते लगेच उघडलं. हलका सर्व्हर एका वेळी चारच फोन धरत होता, आणि धरलेला सोडत नव्हता.

तिने तिथूनच योगराजसरांना, तिच्या साहेबांना, फोन लावला.

"सर, माझी निवड चुकली. उद्या डब्या भरू नका." पलीकडून काही विचारलं गेलं असावं. "हो, सात दिवस केली चाचणी. पण एकाच फोनवर."

जड सर्व्हर धरलेला फोन वेळेत सोडत होता, पण तो डबीच्या मेमरीत बसवायला सोळा दिवस गेले. साहेब रागावले, आठवडाभर नीट बोलले नाहीत. त्या दिवसांत ती जेवताना मध्येच उठायची, असं तारादेवी सांगत.

चेलना अजून नरडाण्यालाच आहे. सकाळी सव्वासातच्या एसटीने जाते. डब्या बाहेर पडण्याआधी चाचणीच्या कागदावर तिच्यासोबत दुसऱ्याचीही सही लागते. तो नियम तिनेच मागून घेतला.