रुचीसाठी ओट्सची धिरडी

सौंदडच्या शामकलाबाईंची सून रुची लग्नानंतर खंगत चालली होती. २०१२ साली नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने हिच्या आतड्यांना इजा होते, गव्हाचा कणही पोटात जायला नको. भात आणि ग्लुटेनमुक्त ओट्स चालतील. रुची रोज दुधात ओट्स शिजवून एकटीच खायची.

एका सकाळी शामकलाबाईंनी, चक्कीत गहू मिसळेल म्हणून, फक्त तांदळासाठी ठेवलेल्या जात्यावर ओट्स दळले आणि नव्या तव्यावर मेथीची धिरडी टाकली.

"आई, कायले एवढा तरास घेता?" रुचीने विचारलं.

"तू वेगळी बसून खाऊन राहिली, तं मले घास उतरत नाही," म्हणत त्यांनी स्वतःच्या ताटातही धिरडं वाढलं.

मग कधी ओट्सचे वडे, कधी ओट्सची गुळाची खीर होऊ लागली. दिवाळीपर्यंत रुचीच्या सैल बांगड्या हातात घट्ट बसू लागल्या.