मायचा पितळी डबा

दामोदर गेल्याचा निरोप नंदुरबारला माझ्या दारात आला तेव्हा तापीचा पूर ओसरून बरेच दिवस झाले होते. हे आधी सांगून टाकतो, कारण तो आजारी असल्याचे कळले त्या वेळी मी सगळ्यांना पुराचेच कारण दिले होते. नाव चालत नाही, तळोद्याला जाणार कसे? मग पाणी उतरले, नावा सुरू झाल्या, आणि तरीही मी गेलो नाही. आजारी मित्राजवळ काय बोलावे ते मला सुचत नव्हते... तो मात्र माझ्याशी काहीतरी बोलला असताच. गप्प बसणे त्याला कधी जमले नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आम्ही दोघे तळोद्याच्या शाळेत मास्तर होतो. मी मराठी शिकवायचो, तो विज्ञान. एकाच घरात राहायचो आणि त्याची आई आम्हा दोघांना जेवू घालायची. तिला मीही माय म्हणत असे. त्या काळी दामोदरच्या डोक्यात परमाणूने घर केले होते. ताटावर बसला की सुरू. प्रत्येक पदार्थात परमाणू, परमाणूच्या गाभ्यात धन वीज, भोवती ऋण वीज. एके सकाळी माय पाट्यावर मिरची वाटत होती, ती मान वर न करता म्हणाली, "दगडमा वीज शे म्हनस ना तू? मंग मी रोज या पाट्यावर वाटस, मन्हा हात का नही जळना?"

मी हसलो. दामोदर हसला नाही. "दोन्ही विजा सारख्या शेतस माय, म्हनीसन कळत नही," असे काहीतरी तो म्हणाला. मायने वाटण गोळा केले. "कळत नही ते तू कसं सांगस? दखाड मले."

दाखव म्हणणाऱ्या त्या "दखाड"वर त्याचा सगळा हिवाळा गेला. सातपुड्यातून बाजारात येणारी लाख वितळवून त्याने दांडी ओतली. घोंगडीच्या लोकरीची, दांडीवर घट्ट बसेल अशी टोपी मायकडूनच शिवून घेतली आणि तिला रेशमी दोरा लावला. मायचा उभा पितळी डबा पळवून तो मेणाच्या ठोकळ्यावर ठेवला, कारण मेणातून वीज जात नाही. डब्यापासून एक तार काचेच्या बरणीत सोडली आणि तिच्या टोकाला मिठाईवरच्या वर्खाच्या दोन पट्ट्या टांगल्या. डब्यात वीज आली की पट्ट्या एकमेकींपासून दूर पळणार. माय रोज विचारायची, "मन्हा डबा कधी देशी?"

पुढच्या दसऱ्याच्या सुमारास तपासणीचे साहेब येणार असल्याचे कळले. एवढ्या आडगावी विज्ञानाचा वर्ग हवा कशाला, असा प्रश्न वरती निघाला होता. साहेबांना वर्ग पटला नाही तर तो बंद होणार आणि दामोदरला दुसरीकडे जावे लागणार. साहेब नेमके सुट्टीच्या आदल्या दिवशी आले. त्या दिवशी आमच्याकडे सरस्वतीची आणि शाळेतल्या सगळ्या साधनांची पूजा एकत्रच होत असे.

दामोदरने लाखेच्या दांडीवर टोपी चढवली, टोपीसकट ती डब्यात सोडली आणि लाखेवर लोकर घासून वीज निघावी म्हणून टोपीच्या आत दांडी फिरवली. वर्ख हलला नाही. मग दोरा ओढून टोपी बाहेर काढली. वर्ख तरीही हलला नाही.

"मास्तर, काही झालेले दिसत नाही," साहेब म्हणाले.

"दोन्ही आत असताना काही होऊ नये, हे बरोबरच आहे साहेब."

"आणि एक बाहेर काढल्यावर?"

"तेव्हा व्हायला हवे होते."

"म्हणजे निम्मा प्रयोग साधला म्हणायचा," साहेब म्हणाले. हेडमास्तर खिडकीबाहेर पाहू लागले.

दामोदर वाकला, डब्याभोवती फिरला आणि खदखदून हसला. मुलांनी सकाळी मोठ्या भक्तीने पूजा केली होती. ओल्या हळदीकुंकवाची बोटे डब्यावरून मेणावर आणि मेणावरून टेबलापर्यंत ओढली होती. "साहेब, वीज या वाटेने जमिनीत चालली आहे," तो म्हणाला. पण पूजेचे कुंकू पुसायचे कोणी? मुले मागे सरकली. तोही थबकला. तेवढ्यात दारातून आवाज आला. सणासाठी डबा मागायला आलेली माय तिथे उभी होती. "पुसी टाक रे. देवी अशी रागवस नही."

त्याने मेण पुसले, उन्हात वाळवले, सारे पुन्हा मांडले. दांडी आणि टोपी आत, घासली, वर्ख गप्प. टोपी बाहेर काढली, आणि वर्खाच्या पट्ट्या पंखांसारख्या उघडल्या. टोपी आत सोडली, मिटल्या. काढली, उघडल्या. साहेब खुर्चीवरून उठून बरणीशी येऊन उभे राहिले.

"दोन्ही विजा आतच होत्या साहेब," दामोदर म्हणाला. "एक दुसरीला पुरी पडते, म्हणून बाहेर काही कळत नाही. परमाणूचेही असेच. गाभ्यात जेवढी धन वीज, तेवढेच ऋणकण तो भोवती धरून ठेवतो. एखादा निसटला तर कुठून तरी दुसरा ओढून घेतो. बरोबरी झाली की त्याची ओढ संपते." साहेबांनी दोरा स्वतःच्या हातात मागून घेतला आणि लहान मुलासारखी ती टोपी वरखाली केली. वर्ग राहिला. घरी जाताना माय मला म्हणाली, "म्हंजे मन्हा पाट्यामा वीज शे. पन बराबरीनी शे." डबा तिने परत मागितला नाही.

दामोदर गेल्यावर मी तळोद्याला पोचलो तो याच पूजेच्या दिवशी. माय तर त्याच्या आधीच गेली होती. घराला कुलूप होते, म्हणून शाळेत गेलो. विज्ञानाच्या खोलीत मुले पूजा मांडत होती. मायच्या त्याच डब्याच्या काठावर कुंकवाची लहानशी टिकली, वर झेंडूचे फूल. मीही कुंकवात बोट बुडवले आणि मेणाकडे नेले. बोटात इतक्या दिवसांचा अपराध होता... एका मुलाने माझे मनगट धरले.

"गुरुजी, मेणले लावतस नही."

"का रे?"

"रीत शे आमनी." मग त्याने फूल बाजूला ठेवले, लाखेची दांडी आणि जुनी, ठिगळ लावलेली टोपी डब्यात सोडली, दांडी फिरवली आणि दोरा माझ्या हातात दिला. "वढा."

मी बोट धोतराला पुसले आणि दोरा ओढला. बरणीत वर्ख उघडला.