मेश्रामबाईंची यादी

मेश्रामबाई संगणकावरचे कोणतेही पान खालून वर वाचत. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची हयात गेली होती. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत घरोघरी संगणक आले, पण ते सुरक्षित कसे वापरावेत हे शिकवणारे कोणी नव्हते. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी वाचण्याजोग्या पानांची आणि पुस्तकांची यादी केली. एक कागद, सात ओळी. "पयले खाली पाह्य वं," त्या मला सांगत. "कोनं लिहिलं, कधी लिहिलं, अन् लिहिनारा काय विकून राहिला." घाबरवणारा लेख तळाशी हटकून काहीतरी विकत असे. तो यादीत येत नसे.

यादीतल्या एका जाड पुस्तकावर माझा जीव होता. छापील अक्षरावर माझा विश्वास जरा जास्तच. संगणकावरच्या पानाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले की जागा खात्रीची, असे त्यात म्हटले होते. एका दुपारी माझे ई-मेल खाते बंद होणार असल्याचा निरोप आला. माझ्या अनुवादाची एकुलती एक प्रत त्या खात्यात होती. निरोपातल्या लिंकवर गेले, कुलूप दिसले. पासवर्ड अर्धा टाइप झाला होता, तेवढ्यात बाई डबा परत द्यायला आल्या आणि माझ्या मागे थांबल्या.

"कुलूप पाह्यलं. दारावरचं नाव पाह्यलं काय?"

पत्ता भलत्याच नावाचा होता. कुलूप म्हणजे वाटेत कोणी वाचणार नाही एवढेच. पलीकडे कोण बसले आहे ते त्यावरून कळत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावले. मी पुस्तक पुढे केले. त्यांनी छपाईचे वर्ष पाहिले, ते फार जुने होते, आणि त्या खुर्चीत बसल्या.

"हे तं मीच यादीत लिहून देल्लं तुले. माह्यंच चुकलं."

मी म्हटले, जाऊ द्या, थोडक्यात बचावले. त्यांना ते पटेना. तोच कागद बावीस घरांत गेला होता. त्या आठवड्यात, मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून त्या बावीसही घरी गेल्या, ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली आणि खाली तारीख घातली. समोरचे काका म्हणाले, एवढ्या उन्हात काहून आल्या, फोन करायचा होता.

"फोनवर तुमी हो म्हनसान, अन् तेच वाचत राहासान."

त्यांना जाऊन चार महिने झाले. परवा यादी तपासताना दिसले, तिसऱ्या ओळीतले पान, त्यांचे सर्वांत आवडते, कित्येक वर्षांत कोणी सुधारलेले नाही. त्यांच्या अक्षरावर रेघ मारायला मला दोन दिवस लागले. मग मारली, तारीख घातली, आणि पहिल्या घराची बेल वाजवली.